हृदयाचा हिशेब



हृदय कुठं आहे, असं विचारलं की आपल्या सगळ्यांचा हात छातीच्या डाव्या बाजूला जातो. खरं तर हृदय छातीच्या जवळजवळ मध्यभागी, दोन फुप्फुसांच्या मधे, छातीच्या मधल्या चपट्या हाडामागं असतं. साधारण आपल्या मुठीएवढं. त्याचं खालचं टोक तेवढं डावीकडे कललेलं असतं. ठोका तिथं जास्त जाणवतो, म्हणून आपण समजतो की सगळं हृदयच तिकडं आहे.

आपल्याकडच्या सुश्रुतसंहितेत हृदयाला खाली तोंड केलेल्या कमळासारखं म्हटलं आहे. म्हणजे आकाराची जाण जुनीच होती. पण हृदय नेमकं काय काम करतं, हे कळायला माणसाला फार काळ लागला. आज आपण तीच गोष्ट ऐकू या.

दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात गेलन नावाचा मोठा वैद्य होता. माणसाचं शव उघडून बघायची तेव्हा सोय नव्हती, म्हणून तो माकडं, डुकरं यांच्यावरून शिकला. तो सांगायचा, खाल्लेल्या अन्नापासून यकृत, म्हणजे आपण कलेजी म्हणतो ते, सतत नवं रक्त बनवतं आणि शरीर ते वापरून संपवतं. हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक छिद्रं असून त्यातून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं, असंही तो म्हणे. ती छिद्रं कुणी पाहिली नव्हती. तरी युरोपात सुमारे चौदाशे वर्षं तेच शिकवलं गेलं. एवढा मोठा माणूस म्हणतो, मग खरंच असणार!

ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माच्याही आधी, 1242 साली, इब्न अल-नफीस या अरब वैद्यानं लिहून ठेवलं की पडद्याला छिद्रं नाहीत. रक्त उजवीकडून फुप्फुसात जातं आणि तिथून डावीकडे येतं. बरोबर होतं त्याचं. पण ते लिखाण मागं पडलं आणि 1924 साली बर्लिनच्या ग्रंथालयात पुन्हा उजेडात आलं.

मग आला इंग्लंडचा डॉक्टर विल्यम हार्वे. त्याचं पुस्तक 1628 साली छापलं गेलं, शिवरायांच्या जन्माच्या दोन वर्षं आधी. हार्वेनं काय केलं? आपण गटाच्या वहीत करतो तेच, हिशेब! एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं, अर्ध्या तासात ठोके किती, याचा त्यानं गुणाकार केला. आजच्या मापात सांगायचं तर एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, मिनिटाला 70 ठोके, म्हणजे मिनिटाला जवळजवळ 5 लिटर. अर्ध्या तासात 150 लिटर! एवढं नवं रक्त दोन भाकरींतून कुठून येणार? जमाखर्च जुळेना. म्हणजे रक्त संपत नाही, तेच रक्त फिरून परत येतं. हृदय हा पंप आहे.

हार्वेनं दंड बांधूनही दाखवलं. रक्त तपासताना नर्सताई दंडाला रबर बांधतात आणि खालची शीर फुगते, ते हृदयाकडे परत निघालेलं रक्त अडल्यामुळे. पुढं 1661 साली इटलीच्या माल्पिघीनं सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या पाहिल्या. रक्त एका बाजूनं दुसरीकडे कसं पोचतं, ते तेव्हा दिसलं.

हे सगळं आपल्याला कशाला? कारण न तपासता धरून ठेवलेली समजूत आपल्याकडेही आहे. हृदय डावीकडे, म्हणून छातीच्या मधोमध दुखलं की आपण म्हणतो, पित्त झालंय. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते, त्यामुळे जळजळ कशाची हे आपलं आपल्याला ओळखता येत नाही. हृदयविकाराचा झटका आला तर दाब किंवा आवळल्यासारखं बऱ्याचदा मधोमधच वाटतं. बाईला कधी छातीत फारसं न दुखता दम लागतो, मळमळतं, घाम फुटतो, जबडा किंवा पाठ दुखते, विनाकारण गळून गेल्यासारखं होतं. मग ती ओवा खाते, सगळ्यांची जेवणं उरकते आणि पडून राहते. त्यात मोलाचा वेळ जातो.

तेव्हा मैत्रिणींनो, असं अचानक झालं आणि थांबेना, तर 108 ला फोन करा. घरी कुणी नसेल तर शेजारणीला हाक मारा. पित्त आहे की हृदय, ते डॉक्टरांना कार्डिओग्राम काढून ठरवू द्या. आणि पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी आणखी एक पान आखू या: कुणाचं बीपी, कुणाची साखर, शेवटची कधी तपासली. गटाचा पै-पैचा हिशेब आपण चोख ठेवतो. दिवसाला लाखभर ठोके देणाऱ्या हृदयाचाही ठेवू या.