स्वस्तातलं डिस्टॉर्शन पेडल घेताय? मग पैसे नेमके कशाचे देताय ते आधी बघा

वरातीत बेंजो पार्टी येते तेव्हा भोंग्यातून येणारा तो करकरीत, फाटलेला, तरीही पाय थिरकवणारा आवाज आठवा. बेंजोला पिकअप लावलेला असतो, ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर ताणलेला असतो आणि शेवटी पत्र्याचा भोंगा असतो. या फाटण्याला तांत्रिक भाषेत डिस्टॉर्शन म्हणतात. इलेक्ट्रिक गिटारवाले हेच फाटणं मुद्दाम, मापात आणि पायाखालच्या एका छोट्या डबीतून घडवून आणतात. ती डबी म्हणजे डिस्टॉर्शन पेडल.

वसई पूर्वेला सातिवली, वालीव, गोखिवरे हा सगळा औद्योगिक गाळ्यांचा पट्टा आहे. इथे दिवसभर काम करून रात्री खोलीवर गिटार घेऊन बसणाऱ्याचं गणित साधं असतं. आधी गिटार, मग जमेल तसा छोटा ॲम्प, आणि काही महिन्यांनी पेडल. या तिसऱ्या खरेदीतच घोळ होतो. युट्यूबवर कुणीतरी भारी वाजवतो, आपण तेच पेडल मागवतो, आणि घरी ते डबड्यात माशी अडकल्यासारखं वाजतं. मग वाटतं, स्वस्तातलं घेतलं म्हणून असं झालं. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं.

फाटका आवाज आला कुठून?

सुरुवातीला हा आवाज बिघाडातून मिळाला. लिंक रे या अमेरिकन गिटारवादकाने १९५८ च्या ‘रंबल’साठी ॲम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली होती. १९६४ मध्ये ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. मधल्या काळात नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंगच्या मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि त्यातून आलेला गुरगुरणारा आवाज लोकांना इतका आवडला की तो बिघाड डबीत भरून विकायला काढला गेला. ते १९६२ चं माएस्ट्रो एफझेड-१. सुरुवातीला त्याला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सने ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वापरलं आणि चित्र पालटलं.

डबीच्या आत काय असतं?

गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल फार अशक्त असतो, व्होल्टच्या काही दशांशांइतका. पेडलमधला आयसी तो कित्येक पटींनी वाढवतो. पुढे दोन डायोड एकमेकांच्या उलट दिशेने जोडलेले असतात. साधा सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टच्या आसपास वाहू लागतो, त्यामुळे त्याच्या वर गेलेली लाट तिथेच कापली जाते. गोल टेकडीचा माथा बुलडोझरने सपाट करावा तसं. कापलेल्या लाटेत मूळ सुराबरोबर वरचे अनेक सूर मिसळतात, आवाज दाट होतो आणि लांबतो.

माथा हलक्या हाताने, कडा गोलसर ठेवून कापला तर त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. १९७९ चा आयबनेझ ट्यूब स्क्रीमर या जातीचा. सरळ कापला तर डिस्टॉर्शन. बॉस डीएस-१ आणि प्रोको रॅट ही दोन्ही १९७८ ची पेडल्स या घरातली. लाट जवळजवळ चौकोनी होईपर्यंत कापली तर फझ.

आता गंमत बघा. ट्यूब स्क्रीमरच्या आत ४५५८ नावाचा आयसी असतो. आपल्याकडे ॲम्प्लिफायर जोडणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला हा नंबर विचारा, तो हसेल. बास-ट्रेबलच्या देशी बोर्डावर वर्षानुवर्षं हाच आयसी बसतोय. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर तो किरकोळ पैशांत मिळतो. तसंच १एन४१४८ हा डायोड, दोन-चार रुपयांचा.

म्हणजे आवाज घडवणारे भाग मुळातच स्वस्त आहेत. महाग असतं ते बाकीचं: लाखो वेळा पाय पडूनही न मोडणारं स्विच, सैल न होणारे जॅक, धातूची डबी, खरखर न करणारे नॉब. स्वस्त आणि महाग पेडलमधला सगळ्यात मोठा फरक इथे असतो. तुमचं पेडल घरी टेबलावर राहणार असेल तर प्लास्टिकची डबी चालते. दर आठवड्याला बॅगेत कोंबून, वसई रोडहून लोकलच्या गर्दीत चेपत नेणार असाल तर चालत नाही.

मग कुठलं घ्यावं?

बेहरिंजर, जोयो यांसारख्या कंपन्या जुन्या गाजलेल्या सर्किटांच्या स्वस्त आवृत्त्या काढतात. साधारण अडीच ते साडेचार हजारांत काम होतं, अर्थात डॉलर आणि आयातीप्रमाणे भाव हलतात. बॉसचं नवं डीएस-१ त्याहून महाग, रॅट आणखी वर. मुंबईत ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन ही कंपनी स्वतःची पेडल्स बनवते, ती परदेशातही वाजतात, पण पहिल्या पेडलच्या बजेटमध्ये ती बसणार नाहीत.

रॉक वाजवायचं असेल आणि एकच पेडल परवडत असेल तर माझं मत रॅटच्या जातीला. त्याचा डिस्टॉर्शनचा नॉब खाली ठेवला तर ओव्हरड्राइव्हसारखं वागतं, वर नेला तर फझच्या जवळ जातं. त्याचा फिल्टरचा नॉब मात्र उलटा चालतो: उजवीकडे फिरवला की आवाज उजळण्याऐवजी मंद होतो. हे माहीत नसल्याने कित्येकांनी चांगलं पेडल बिघडलंय समजून परत केलं असेल. डीएस-१ जास्त टोकदार आहे. ‘निर्वाणा’च्या कर्ट कोबेनने ते वापरलं म्हणून लोक घेतात, पण छोट्या ॲम्पवर त्याचा टोनचा नॉब अर्ध्याच्या पुढे गेला की कानात टोचतं.

मेटल वाजवणाऱ्यांचं जग निराळं. १९९१ च्या बॉस मेटल झोनची जितकी टिंगल होते तितकं ते वाईट नाही. त्यात मधल्या सुरांवर बारीक ताबा ठेवता येतो, पण नवखा माणूस पहिल्याच दिवशी मधले सूर शून्यावर आणतो. घरी एकट्याने वाजवताना हा पोकळ आवाज भयंकर भारी वाटतो. ड्रम आणि बास सुरू झाले की मात्र गिटार गायब, कारण गिटारची जागाच मधल्या सुरांत असते. मेटल झोनचा स्वस्त अवतार बेहरिंजरच्या यूएम३०० नावाने मिळतो. १९८३ च्या बॉस एचएम-२ ची गोष्टही अशीच. कंपनीने ते बंद केलं, पण ‘एन्टूम्ड’सारख्या स्वीडिश बँडनी त्याचे सगळे नॉब शेवटपर्यंत फिरवून एक अख्खी शैली उभी केली. २०२१ मध्ये बॉसला ते नव्याने आणावं लागलं. बेहरिंजरचं एचएम३०० त्याच वळणाचं आहे.

हातात सोल्डरिंगची सवय असेल तर आणखी एक वाट आहे. एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लसचं सर्किट इतकं लहान आहे की ७४१ आयसी, दोन जर्मेनियम डायोड आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटरमध्ये ते उभं राहतं. जर्मेनियमऐवजी सिलिकॉन डायोड टाकले की डीओडी २५० च्या जवळ जातं. आयटीआय करून गाळ्यात पॅनेल वायरिंग करणाऱ्याला हे एका रविवारचं काम. फक्त खर्चाचा हिशेब आधीच करा. पार्ट्सपेक्षा डबी, पायाचं स्विच आणि जॅक यांवरच जास्त पैसे जातील.

पेडल कशात लावताय, हा खरा प्रश्न

माशी अडकल्यासारखा आवाज येण्याचं सगळ्यात मोठं कारण स्पीकर. गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ सोडूनच देतो. डिस्टॉर्शनमधून तयार होणारी वरची किरकिर तिथे आपोआप गाळली जाते. तेच पेडल कीबोर्डच्या ॲम्पला, मंडपातल्या साउंड सिस्टिमला किंवा होम थिएटरला थेट लावलं तर सगळी किरकिर जशीच्या तशी ऐकू येते. दोष पेडलचा नसतो.

म्हणून जो माणूस शेजाऱ्यांमुळे फक्त हेडफोनवरच वाजवणार आहे, त्याने डिस्टॉर्शन पेडल घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच पैशांत थोडी भर घालून झूम जी१ फोरसारखं छोटं मल्टी-इफेक्ट घ्यावं. त्यात ॲम्प आणि स्पीकरची नक्कल असते, हेडफोनचा जॅकही असतो. लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस असेल तर न्यूरल ॲम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

ॲडॉप्टरवर कंजुषी नको

बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि त्यांच्या पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो. आपल्या बाजारात सहज मिळणारे ॲडॉप्टर, सीसीटीव्हीचे वगैरे, बहुतेक उलटे असतात: मधला भाग पॉझिटिव्ह, आणि बऱ्याचदा १२ व्होल्ट. पिन बरोबर बसते म्हणून लावलं आणि पेडल गेलं, हे हमखास होतं. डबीवरची खूण आणि ॲडॉप्टरवरची खूण जुळवून बघायला दहा सेकंद लागतात.

स्वस्त ॲडॉप्टरमुळे शिट्टीसारखा किंवा गुणगुणणारा आवाजही येतो. डिस्टॉर्शन सिग्नल वाढवतं तसं ही गुणगुणही वाढवतं. खात्री करायची असेल तर पेडलमध्ये ९ व्होल्टची बॅटरी टाकून बघा. आवाज गेला तर चोर ॲडॉप्टर. नाही गेला तर गिटारचे सिंगल कॉइल पिकअप, केबल किंवा घरातलं वायरिंग तपासा. बॅटरीवर वाजवत असाल तर काम झाल्यावर केबल काढून ठेवा, कारण इनपुटमध्ये केबल असली की पेडल चालूच राहतं. छोट्या मिनी पेडल्समध्ये बॅटरीला जागाच नसते, हेही घेण्याआधी बघावं.

एक गोष्ट मात्र आवाजाच्या पलीकडची आहे. गणपतीत, भर पावसात, मंडपाच्या तात्पुरत्या लाइनवर वाजवताना हातात गिटार असेल आणि माइकला ओठ लागताच झिणझिण्या आल्या तर लगेच थांबा. अर्थिंगमध्ये गडबड आहे. गुणगुण कमी व्हावी म्हणून ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. ते करू नका. ॲम्प आणि साउंड सिस्टिम दोन्ही एकाच, अर्थिंग असलेल्या लाइनवर घ्यायला सांगा, आणि वायरमनने तपासल्याशिवाय पुन्हा गिटार हातात घेऊ नका.

दुकानात गेल्यावर

ऑनलाइन स्वस्त पडतं हे खरं, पण पहिलं पेडल वाजवून घेतलेलं बरं. धोबी तलावला फुर्टाडोजसारखी जुनी दुकानं आहेत, मरीन लाइन्सला उतरून चालत जाता येतं. आपलीच गिटार न्या आणि शक्यतो आपल्या घरच्या ॲम्पएवढाच छोटा ॲम्प मागा. दुकानातल्या मोठ्या व्हॉल्व्ह ॲम्पवर काहीही छान वाजतं.

सगळे नॉब मध्यावर ठेवा. मग पेडल बंद असताना जेवढा आवाज आहे तेवढाच चालू असताना राहील असा लेव्हलचा नॉब लावा. हे महत्त्वाचं, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि आपण फसतो. एक पूर्ण कॉर्ड वाजवा, त्यातले सूर वेगळे ऐकू येतात की नुसता चिखल होतो ते बघा. नंतर गिटारचाच व्हॉल्यूम १० वरून ४ वर आणा. आवाज साफ होत गेला तर एका पेडलमधून दोन मिळाले. शेवटी हात तारांवर ठेवून, काही न वाजवता, किती सळसळ येते ते ऐका.

जुनं पेडल घेत असाल तर प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. खरखर झाली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लिनरचा स्प्रे मारून ती बहुधा जाते, पण भाव कमी करायला तेवढं कारण पुरतं. जॅकमधली केबल हलवल्यावर आवाज तुटला, किंवा स्विच तीनदा दाबल्यावर एकदा लागलं, तर मात्र परत ठेवा.