बसलेली स्प्रिंग

आमच्या घरातली पहिली बंदूक ठासणीची. तोंडाकडनं दारू, चिंध्या, छर्रे भरायचे आणि गजानं ठासायचे. दारू सर्दाळली की बार होईल याचा भरवसा नाही. पुढं आजोबांनी ती जमा करून दुनळी बाराबोर घेतली. मधे मोडायची, मागनं काडतूस घालायचं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसते ती बाराबोर, हे मला लई उशिरा कळलं.

बंदूक हौसेची नव्हती. पाटण तालुक्यातलं आमचं डोंगरकडेचं रान; भुईमूग भरला की डुकरं उतरायची. परवान्यावर कारणच लिहिलेलं, 'पीक संरक्षण'. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. १९५९ साली आपल्या सरकारनं नवा केला, तरी परवान्याचा कागद सुटला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीशिवाय डुकरावर नेम धरता येईना. मग बंदूक उरली हवेत बार काढण्यापुरती.

डिसेंबर १९८४ ला लोकसभा झाली, पाठोपाठ मार्च १९८५ ला विधानसभा. निवडणुकीत बंदुका ठाण्यात जमा करायच्या. आमची तीनेक महिने तिथंच पडून होती.

त्या वर्षी आश्विनात रात्री डुकरं आली. आण्णांनी बंदूक आभाळाकडं धरून चाप ओढला. 'टक्'. दुसरा ओढला, पुन्हा 'टक्'. कळप हलेना. आण्णा बॅटरी घेऊन ओरडत पुढं गेले आणि एक सुळेवाला नर सरळ अंगावर आला. पोटरी फाटली. चौदा टाके पडले.

मी काडतुसं बघितली. दोन्हींच्या टोप्यांवर ठोकर नुसती टेकल्यागत उमटलेली.

परवाना असलेल्या कारागिराकडं बंदूक नेली. त्यानं दस्ता काढून आतल्या दोन स्प्रिंगा दाखवल्या, चिमट्यासारख्या दुमडलेल्या पट्ट्या. म्हणाला, "मोडल्या न्हाईत, बसल्यात. ह्या बंदुकीचे घोडे आत असत्यात. उघडली की घोडे चढत्यात. ठाण्यात कुणी रिकामी हाय का बघायला उघडली, मिटली आणि तशीच ठेवली. वरनं काय दिसतंय? आधीच जुन्या, त्यात आत तीन महिने ताण."

त्यानं पोलादाची पट्टी कानशीनं घासली, तापवून दुमडली, लालभडक करून तेलात बुडवली. एवढ्यावर ती काचेसारखी तुटेल म्हणून घासून चकचकीत केली आणि निळी झाक येईपर्यंत पुन्हा हळू तापवली. त्या निळ्या रंगातच लवचीकपणा असतो म्हणे. दोन्ही बाजूंच्या सारख्याच जोराच्या बसवल्या.

आण्णा शेवटपर्यंत जरा लंगडत चालले. दोष त्यांनी कुणाला दिला नाही. "त्या पोरालाबी कुठं ठावं हुतं," एवढंच म्हणायचे.

आता रानाला सौर कुंपण आहे, परवाना माझ्या नावावर आहे. निवडणूक आली की बंदुकीबरोबर उडवलेली दोन रिकामी काडतुसं खिशात नेतो. हवालदारानं बंदूक तपासली की ती देतो आणि म्हणतो, "साहेब, ही घाला, मिटा आणि दोन्ही चाप सोडा, मगच ठेवा."

नवीन हवालदार हसतो. मी त्याला आण्णांच्या पोटरीची गोष्ट सांगतो.