विद्यावेतनाचे अकरा महिने

वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिका आपण सगळ्याच चाळतो. अलीकडे त्यात एक ओळ वरचेवर दिसते: 'सरकारी कार्यालयात कार्यरत.' वाचून मुलीची आई हरखते. चौकशी केली की कळतं, मुलगा पंचायत समितीत नाहीतर शाळेत प्रशिक्षणार्थी आहे, महिन्याला दहा हजार मिळतात आणि मुदत अकरा महिन्यांची आहे. मुलगा अगदी खोटं बोलला असंही नाही. तो रोज वेळेवर जातो, संगणकावर नोंदी करतो, रजा हवी तर साहेबांना विचारून घेतो. बघणाऱ्याला ते कामच दिसतं. पण कायद्याच्या वहीत ते काम म्हणून लिहिलेलं नाही. आणि मुदत संपल्यावर तो घरी बसतो, तर ती बेकारीसुद्धा त्या वहीत धड लिहिलेली नाही.

ही वही कशी तयार होत गेली, ते आपण बायकांनी समजून घ्यायला हवं, कारण मुदत संपल्यानंतरचं घर आपल्यालाच चालवावं लागतं. मी ते निंबर्ग्याकडून बघते आहे. आळंद तालुक्यातलं हे गाव. कचेरी कन्नडात, घरात मराठी, बाजारहाट आणि दवाखाना सोलापूरला. दोन राज्यांच्या योजना इथून सारख्याच जवळ दिसतात.

बेकारभत्ता हा शब्द आपल्याकडे दान दिल्यासारखा उच्चारतात. मूळची कल्पना तशी नव्हती. इंग्लंडमध्ये १९११ साली राष्ट्रीय विमा कायदा झाला. जहाजबांधणी, इमारतकाम, यंत्रकाम अशा काही धंद्यांतल्या कामगारांनी दर आठवड्याला थोडे पैसे टाकायचे, मालकाने टाकायचे, सरकारने भर घालायची. काम सुटलं की कामगाराला आठवड्याला सात शिलिंग मिळायचे, वर्षात जास्तीत जास्त पंधरा आठवडे. म्हणजे आपल्या भिशीचाच हा मोठा अवतार. स्वतः टाकलेले पैसे अडचणीच्या वेळी घेताना कोणाला मान खाली घालावी लागत नाही. पण भिशीचा दुसरा नियमही तितकाच खरा आहे: जिचं नाव भिशीत नाही, तिला काहीच मिळत नाही.

आपल्या देशात कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली झाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. आजारपण, बाळंतपण, अपघात यांची सोय त्यात होती. बेकारीची नव्हती. १९६० च्या दशकात सोलापूरची जुनी गिरणी बंद पडली. आपल्या भागातल्या कितीतरी चुली सोलापूरच्या गिरण्यांवर पेटत होत्या. त्या माणसांना विम्यातून बेकारीचा एक पैसाही मिळण्याची तरतूद तेव्हा नव्हती. ती आली थेट २००५ साली, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून, आणि तीही कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच. २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात नोकरी गेल्यावर नव्वद दिवसांपर्यंत सरासरी कमाईच्या पाव हिस्सा मिळायचा. कोरोनाच्या वर्षी तो अर्धा केला. दोन्हीकडे अट एकच: आधी विमा हप्ता भरलेला हवा.

आता प्रशिक्षणार्थी या भिशीत का नाही, ते बघा. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आयटीआय केलेली मुलं ज्याला 'ॲप्रेंटिस करतोय' म्हणतात, तो हाच. या कायद्याच्या अठराव्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की शिकाऊ उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, आणि कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत. विमा कायद्यानेही या कायद्याखालच्या उमेदवाराला 'कर्मचारी' या शब्दातून वगळलं. तेव्हाचा हेतू वाईट म्हणता येणार नाही. कोवळ्या पोराला यंत्रावर हात बसेपर्यंत शिकवायचं, तर कारखानदारावर फार ओझं नको, असा विचार होता. शिवाय शिकून झालं की त्याला त्याच गावात नाहीतर शेजारच्या गावात नोकरी लागेल, हे गृहीत धरलं होतं. पुढे ते गृहीत कोसळलं, पण कलम राहिलं.

दुसरी वाट दुष्काळातून निघाली. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रभर गेली. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत दिलं नाही, तर सरकारने भत्ता द्यायचा, निदान रोजचा एक रुपया. रक्कम आज हसण्यासारखी वाटेल, पण त्या एका रुपयामागे मोठा विचार होता: काम न देणं ही सरकारची चूक धरली होती आणि तो तिचा दंड होता. निंबर्गा मात्र तोवर पलीकडच्या राज्यात होतं. निजामाचं हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आलं, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत त्याचे तुकडे झाले आणि आळंद तालुका गुलबर्ग्याबरोबर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे अक्कलकोटच्या बाईला कायद्याने काम मागता येत होतं आणि थोड्या कोसांवरच्या आळंदच्या बाईला नाही. २००५ चा केंद्राचा कायदा आला तेव्हा ही दरी बुजली. बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे २००६ च्या पहिल्याच टप्प्यात होते. त्या कायद्यात काम मिळालं नाही तर पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान पाव आणि पुढे निदान अर्धा भत्ता देण्याचं कलम होतं. पण ही सगळी हमी अंगमेहनतीच्या कामाची. बी.ए., बी.कॉम. झालेली मुलगी तिथे नाव घालत नाही, आणि घातलं तर घरचेच नको म्हणतात.

शिकलेल्यांसाठी तिसरी वाट होती ती एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डाची. १९४५ साली युद्धावरून परतलेल्या सैनिकांना काम लावून देण्यासाठी ही कचेरी निघाली, नंतर सर्वांसाठी खुली झाली. आपल्या भावांनी वर्षानुवर्षं कार्ड रिन्यू केलं आणि 'कॉल' येण्याची वाट पाहिली. महाराष्ट्राने १९७४ पासून रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम चालवला. सुशिक्षित बेकाराला काही महिने कुठेतरी कामाला लावायचं आणि थोडं विद्यावेतन द्यायचं, अशी ती रीत. इथून विद्यावेतन हे भत्त्याच्या जागी येऊन बसलं.

त्याच रीतीची मोठी आवृत्ती म्हणजे २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, लोकांच्या तोंडी 'लाडका भाऊ'. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. वय १८ ते ३५, आणि महाराष्ट्राचा अधिवास हवा. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये आणखी पाच महिने वाढवली. पदवीधराच्या हातात सगळे मिळून एक लाख दहा हजार रुपये येतात. त्यानंतर नोकरीची हमी नाही. म्हणूनच मुदत संपत आल्यावर या मुलामुलींनी मोर्चे काढले. त्यांना कामगार म्हणून धरलेलं नसल्यामुळे विम्याच्या भिशीत त्यांचं नावच नव्हतं.

केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या अटींप्रमाणे २१ ते २४ वयाच्या मुलांना मोठ्या कंपन्यांत बारा महिने, दरमहा पाच हजार, त्यातले साडेचार हजार सरकारचे आणि पाचशे कंपनीचे, शिवाय एकदाच सहा हजार. सरकारतर्फे जीवन विमा आणि अपघात विमा आहे. काम सुटल्यावरचा विमा नाही.

कर्नाटकाने वेगळी वाट धरली. पाच गॅरंटींमधली शेवटची युवानिधी. २६ डिसेंबर २०२३ ला नोंदणी सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ ला शिवमोग्ग्यात पहिले पैसे जमा झाले. हा सरळ बेकारभत्ता आहे: पदवीधराला महिना तीन हजार, डिप्लोमावाल्याला दीड हजार, जास्तीत जास्त दोन वर्षं. पास झाल्यावर १८० दिवस काम नसलं पाहिजे. पुढचं शिक्षण चालू असेल तर नाही, पगारी ॲप्रेंटिस असाल तर नाही, नोकरी लागली की बंद. 'मी अजून बेकारच आहे' असं स्वयंघोषणापत्र वेळोवेळी भरावं लागतं. अर्ज सेवासिंधूवर करायचा, नाहीतर ग्राम वन केंद्रात. आणि एक अट आपल्या भागाला नेमकी लागते: पदवी-डिप्लोमापर्यंतचं निदान सहा वर्षांचं शिक्षण कर्नाटकात झालेलं हवं.

आता निंबर्ग्यातली कुठलीही एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. मराठीतून शिकता यावं म्हणून तिला लहानपणीच सोलापूरला मामाकडे ठेवली, पदवीही तिथेच झाली. रेशनकार्ड, मतदान, घर सगळं कर्नाटकात. महाराष्ट्राचं विद्यावेतन मागायला गेली तर अधिवास नाही. युवानिधी मागायला गेली तर कर्नाटकातली सहा वर्षं भरत नाहीत. रोजगार हमीत नाव घालायचं तर खोरं-कुदळ. राहिली केंद्राची इंटर्नशिप, कारण तिला राज्याची हद्द नाही. ती मिळाली तरी बारा महिन्यांनी ती पुन्हा दाराशी, आणि विम्यात नाव नाही. चारही दारं उघडी आहेत असं जाहिरातीत दिसतं. प्रत्येक दारावर वेगळं कुलूप आहे, आणि किल्ल्या दोन राज्यांत वाटलेल्या.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करून ठेवावी, कारण बायकांच्या बैठकीत तिची नेहमी सरमिसळ होते. 'दहा हजार घेत होता ना, मग आता भत्ता कशाला हवा?' असं काकू-वहिनी सहज म्हणून जातात. विद्यावेतन हे शिकत असतानाचं. भत्ता हा काम नसतानाचा. एक संपतं तिथे दुसऱ्याची गरज सुरू होते. इंग्लंडने १९८३ मध्ये तरुणांसाठी प्रशिक्षण योजना काढली. १९८८ मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेक मुलांची बेकारीतली मदत काढून घेतली आणि सांगितलं, प्रशिक्षणाची जागा आम्ही देतो, ती घ्या. त्यावर खूप वाद झाले, पण निदान 'जागा देऊच' असं वचन तरी त्या बदल्यात होतं. आपल्याकडे विद्यावेतनाची मुदत संपते त्या दिवशी ना जागेचं वचन असतं, ना भत्त्याचं.

आपल्या घरांत कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आदराने घेतात. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या अण्णांनी 'कमवा आणि शिका' ही रीत रुजवली. बोर्डिंगच्या मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. तिथे मुलगा कष्ट करायचा आणि त्या कष्टाचं मोल त्याच्या शिक्षणात जमा व्हायचं. आजच्या प्रशिक्षणार्थीच्या बाबतीत माझा प्रश्न इतकाच आहे, की त्याचे अकरा महिने नेमके कुठे जमा होतात? निवृत्तिवेतनात नाहीत, विम्यात नाहीत. सरकारने स्वतःच्या कचेरीत घेतलेल्या या मुलांचा महिन्याला थोडासा हप्ता भरला आणि ते महिने विम्यात मोजले, तर मुदत संपल्यावर तीन महिने तरी त्यांना आधार राहील. १९६१ च्या कलमाला साठहून जास्त वर्षं झाली. ज्या नोकरीच्या भरवशावर ते लिहिलं, ती नोकरी आता वाट बघत उभी नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. मुलीला शिकायला हद्दीपलीकडे पाठवताना कुठल्या राज्यात किती वर्षं भरतात, त्याची नोंद ठेवा. फीच्या पावत्या आणि शाळा सोडल्याचे दाखले फेकू नका. ३७१ (जे) कलमामुळे कल्याण कर्नाटकातल्या स्थानिकांना शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा आहेत, तो पात्रतेचा दाखला वेळेत काढा. प्रशिक्षण संपलं की प्रमाणपत्र त्याच आठवड्यात घ्या, मागाहून साहेब बदलतात. बेकारीचं घोषणापत्र भरताना खरं तेच लिहा. खोटं लिहून तीन हजार आले तरी वसुलीची नोटीस घरावरच येते. विद्यावेतनातून महिन्याला हजार-पाचशे तरी मुलाच्या नाहीतर मुलीच्याच नावावर बाजूला टाका. सरकारने भिशी लावली नाही, तर घरात लावता येते.

आणि स्थळ बघताना 'सरकारी' या एका शब्दावर थांबू नका. पगार आहे की विद्यावेतन, मुदत कधी संपते आणि पुढे काय करायचं ठरवलं आहे, एवढे तीन प्रश्न विचारा. जो मुलगा सरळ सांगेल, 'फेब्रुवारीला संपतंय काकू, मग दुसरं बघेन,' त्याचं स्थळ त्या एका उत्तरामुळे बाद करू नका. मुदत संपली यात त्याची काही चूक नाही.