हुमनाबादची बस आणि एक रजिस्टर

काही वर्षांपूर्वी माणिकप्रभूंच्या दर्शनाला माणिकनगरला गेलो होतो. परतताना हुमनाबादच्या बसस्टँडवर गाडीत एक तृतीयपंथी चढली. कन्नड, मराठी, दखनी, ज्याला जी कळेल त्या भाषेत आशीर्वाद देत पुढे सरकू लागली. शेजारचे गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागले. खरे सांगायचे तर मीही.

ती नजर चुकवणे मनात राहिले, म्हणून पुढे थोडे वाचन केले. बीदर, गुलबर्गा हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात १३२९ फसली, म्हणजे १९१९ साली, हिजड्यांविषयी एक कायदा झाला. मूळ नमुना इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा. हैद्राबाद शहरातल्या आणि सरकार ठरवील त्या इतर ठिकाणच्या 'संशयित' हिजड्यांची नावे व पत्ते रजिस्टरात लिहायचे. नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात रस्त्यावर दिसली, नाचली किंवा वाद्य वाजवले, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

मी सरकारी कारकून. रजिस्टर ठेवणे हे माझे रोजचे काम. एखादे रजिस्टर माणसाला असे बांधून टाकू शकते, हे मला नवीन होते.

१९५६ साली बीदर म्हैसूर राज्यात गेले. तेलंगणात मात्र तो कायदा उरला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने तो रद्द केला २०२३ साली! मधल्या काळात, २०११ साली, कर्नाटकच्या पोलीस कायद्यात तशाच रजिस्टराचे कलम घालण्यात आले. न्यायालयात आव्हान मिळाल्यावर त्यातला हिजड्यांचा उल्लेख वगळला गेला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. २०१८ साली समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त झाले. विवाहाचा हक्क मात्र २०२३ साली नाकारला गेला. कर्नाटकाने २०२१ साली सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का आरक्षण दिले.

आपल्या गोव्यात २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून 'इतर' या रकान्यात ३९८ माणसे होती. यापुढे त्यांतले कोणी अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी आले, तर मान वर करून 'बसा' म्हणेन. हुमनाबादच्या गाडीत ते जमले नव्हते.