उंदराची परीक्षा

मध्यंतरी आमच्या प्रयोगशाळेतला एक विद्यार्थी नवा माउस घेऊन आला. संगणकावरचे खेळ खेळणाऱ्यांसाठी खास बनवलेला. अंगठा टेकतो त्या बाजूला बारा छोटी बटणे, आणि कोणत्या बटणाने काय व्हावे हे आपले आपण ठरवायचे. ‘चांगला आहे का, सांगा,’ म्हणून त्याने तो आमच्या हाती दिला. पाच मिनिटे फिरवून पाहिला, अंगठा भलत्याच बटणावर पडत राहिला, आणि ‘काही उपयोगाचा नाही’ असे सांगून आम्ही मोकळे झालो. मागाहून लक्षात आले, की १९६०च्या दशकात कोणी अशीच घाई केली असती तर साधा माउसही कदाचित आपल्या टेबलावर आला नसता.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट त्या काळी संगणकाच्या पडद्यावर मजकूर लिहिण्या-खोडण्याच्या पद्धतींवर काम करीत होते. पडद्यावरचा नेमका शब्द संगणकाला दाखवायचा कसा, हा प्रश्न होता. नकाशावरचे क्षेत्रफळ मोजण्यासाठी प्लॅनिमीटर नावाचे उपकरण वापरतात, त्याचे चाक कागदावर काही दिशेने फिरते आणि काही दिशेने नुसते घसरते. एंगेलबार्ट यांना त्यावरून कल्पना सुचली. एकमेकांशी काटकोनात असलेली दोन चाके घ्या. ठोकळा तिरका सरकवला तर एक चाक हालचालीचा आडवा घटक मोजील, दुसरे उभा. सदिश राशीचे घटक शिकवताना फळ्यावर आपण जे काढतो, तेच हे. त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये लाकडी ठोकळ्यात अशी चाके बसवून पहिला नमुना तयार केला. त्यावर बटण होते एकच.

पण हा एकटाच उमेदवार नव्हता. प्रकाशलेखणी होती, जॉयस्टिक होती, आणि टेबलाखाली बसवलेली, गुडघ्याने हलवायची एक दांडीही होती. (कारखान्यातल्या शिवणयंत्राला अशी दांडी असते, तिची आठवण व्हावी.) यांतले चांगले कोणते, हे वादाने ठरवायचे नाही, मोजून ठरवायचे, असे या मंडळींनी ठरवले. या तुलनेसाठी अमेरिकेच्या ‘नासा’ने पैसे दिले.

प्रयोगाची मांडणी पाहण्यासारखी आहे. पडद्यावर एक लक्ष्य दिसे. माणसाने आधी कळफलकावरची स्पेसची कळ दाबायची, मग हात उपकरणाकडे न्यायचा, खूण लक्ष्यावर आणायची आणि निवड करायची. म्हणजे हात कळफलकावरून उपकरणापर्यंत जायला लागणारा वेळही हिशेबात धरला होता. तो सोडला असता तर गुडघ्याच्या दांडीवर अन्याय झाला असता. तिला हात हलवावाच लागत नाही, हाच तर तिचा मोठा गुण!

निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. सराव असलेल्या माणसांचे काम माउसने सर्वांत लवकर झाले आणि चुकाही कमी झाल्या. नवख्या माणसांचे मात्र तसे नव्हते. त्यांना प्रकाशलेखणी आणि गुडघ्याची दांडी या दोन्ही माउसपेक्षा जलद वाटल्या, आणि घड्याळही तेच सांगत होते. केवळ नवख्यांवर परीक्षा घेतली असती तर आज आपण सगळे टेबलाखाली गुडघे हलवीत बसलो असतो.

पुढे बिल इंग्लिश झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात गेले. तेथे स्टुअर्ट कार्ड आणि बेटी बर यांच्याबरोबर त्यांनी नवी तुलना केली, ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. या वेळी सरावाचा परिणाम धरून मापन केले होते. चुकांचे प्रमाण माउसचे ५ टक्के, जॉयस्टिकचे ११, आणि बाणांच्या कळांचे १३. हात नेण्याचा वेळ माउसला सर्वांत जास्त लागला, तरी एकूण वेळात तोच पुढे राहिला. याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी हे आकडे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेल्या नियमाशी ताडून पाहिले. हा नियम सांगतो, की लक्ष्य दुप्पट दूर नेले किंवा त्याची रुंदी निम्मी केली, तर वेळ दुप्पट होत नाही, ठरावीक तेवढ्याने वाढतो. म्हणजेच संबंध लॉगरिदमचा आहे. माउसची गती हाताच्या स्वतःच्या गतीच्या जवळपास निघाली. अडचण आता उपकरणात नव्हती, हातात होती.

वर्गात हे सहज करता येईल. कागदावर दोन पट्ट्या आखा, पेन्सिलीने आळीपाळीने ठिपके द्यायला सांगा आणि दहा सेकंदांत किती पडले ते मोजा. मग अंतर वाढवा, पट्ट्या अरुंद करा.

बटणांच्या संख्येची कथा इतकी सरळ नाही. एंगेलबार्ट यांच्या पुढच्या माउसला तीन बटणे होती. का, तर त्याहून जास्त बसत नव्हती! झेरॉक्सच्या १९८१ च्या ‘स्टार’ संगणकासाठी वेगवेगळ्या योजना माणसांवर तपासून दोन बटणे ठरली. ॲपलच्या १९८३ च्या ‘लिसा’ला एकच होते. बटणे वाढली की फिट्सचा नियम पुरत नाही, कारण प्रश्न नेमाचा राहत नाही, निवडीचा होतो. पर्याय वाढले की निवडीचा वेळही लॉगरिदमनेच वाढतो, असे डब्ल्यू. ई. हिक यांनी १९५२ मध्ये दाखवले होते. भरपूर सरावाने ही वाढ मात्र बरीच कमी होते.

एंगेलबार्ट स्वतः डाव्या हाताखाली पाच कळांचा एक छोटा फलक ठेवीत. कळा एकेकट्या किंवा मिळून दाबायच्या. दोनाचा पाचवा घात वजा एक, म्हणजे ३१ खुणा. उजव्या हातातल्या माउसची बटणे दाबून त्यांचा अर्थ बदलता येई. बारा बटणांच्या माउसचा हा पूर्वजच म्हणायचा. शिकायला वेळ लागतो म्हणून तो फलक मागे पडला. माउसलाही शिकायला वेळ लागतच होता, पण त्याची परीक्षा शिकून झालेल्यांवर घेतली गेली.

त्या विद्यार्थ्याला आम्ही पुन्हा बोलावले. रोज एकच ठरावीक काम एकदा कळफलकाने, एकदा बारा बटणांनी करायचे, कोणते आधी ते नाणे उडवून ठरवायचे, वेळ आणि चुका वहीत लिहायच्या, असे ठरले. बटणांची कामे मध्येच बदलायची नाहीत, ही अट त्याला जरा जाचक वाटली. वहीच्या पहिल्या पानावर माउस सपशेल हरला आहे. उरलेली पाने भरायची आहेत.