नरसाळ्याचा इतिहास

मोटारीचा इतिहास लिहिणारी विद्वान मंडळी इंजिनापासून सुरुवात करतात. माझ्या मते ती नरसाळ्यापासून करायला हवी. इंजिन कसं बनवायचं हा प्रश्न सुटून शंभरावर वर्षं झाली. त्यात काय ओतायचं, हा प्रश्न अजून अधूनमधून डोकं वर काढतोच.

वास्तविक सुरुवात फार चांगली झाली होती. १८८८ च्या ऑगस्टात बर्था बेंझ या जर्मन बाई नवऱ्याला पत्ता न लागू देता त्याचीच तीनचाकी मोटार काढून, दोन मुलांना घेऊन, मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाल्या. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, आणि पेट्रोल पंप ही गोष्ट अजून जन्माला यायची होती. इंधन संपत आलं तेव्हा बाईंनी वीसलॉख गावी गाडी थांबवली ती औषधाच्या दुकानापाशी! तिथे त्यांनी लिग्रोइन मागितलं. कपड्यांवरचे डाग काढायला ते वापरत. डाग केवढा पडलाय, असा विचार त्या दुकानदाराच्या मनात आला असल्यास नवल नाही. पण बाईंनी नेमकं तेच ओतलं जे ओतायला हवं होतं. पुढे हे काम पुरुषांच्या हाती गेलं.

आपल्याकडे नरसाळ्याचा सुवर्णकाळ आला तो स्कूटरबरोबर. १९७२ साली चेतक आली, त्याच साली पुण्यात लूना आली. दोघीही टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक इंजिनाची गंमत अशी, की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण इंजिनाच्या पोटातून, म्हणजे जिथे दांडा फिरतो त्या भागातूनच वर जातं. बाथ गावच्या जोसेफ डे नावाच्या इंग्रजानं १८९१ च्या सुमारास ही युक्ती काढली. इतर इंजिनांत तळाशी ऑइलचं स्वतंत्र बिऱ्हाड असतं. इथे ती सोय नाही. म्हणून ऑइलही पेट्रोलमध्येच मिसळायचं. प्रमाण साधारण लिटरला २० मिलीलिटर. कमी पडलं तर पिस्टन जागच्या जागी धरून बसतो. जास्त झालं तर धूर निघतो आणि प्लगवर काजळी धरते.

आता २० मिलीलिटर म्हणजे किती, हे मध्यमवर्गीय माणसाला कसं कळावं? आमच्या शेजारी एक अकाउंटंट राहत. वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेली स्कूटर. तिच्यावर पंपावरचा पोऱ्या हात टाकणार, ही कल्पनाच त्यांना सोसत नसे. दर रविवारी सकाळी पितळी नरसाळं, ऑइलचा डबा आणि खोकल्याच्या औषधाचं माप घेऊन ते अंगणात बसत. (ते माप विसळून परत जागेवर जाई. त्या घरातला खोकला का बरा होत नाही, याचा आम्हाला फार दिवस उलगडा झाला नव्हता.) प्रमाणाबाबत त्यांचं तत्त्व पुरणपोळीवरच्या तुपाचं होतं. "इंजिनालाच जातंय ना? जाऊ दे की!" असं म्हणत ते दुप्पट ओतत. सोमवारी सकाळी ते ऑफिसला निघाले की गल्लीत डास उरत नसत. नाक्यावर गाडी बंद पडे, प्लग बाहेर येई, पॉलिश पेपरनं घासला जाई. मग स्कूटर एका अंगावर आडवी करून पुन्हा उभी करायची. हे आसन त्या काळी सगळा देश करीत असे.

पुढे १९८५ साली हिरो होंडाची चार-स्ट्रोक मोटरसायकल आली. जाहिरातीचा मथितार्थ असा, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. अकाउंटंटसाहेबांच्या भाच्यानं तसलीच एक घेतली आणि तो खरोखरच विसरला. मामा विसरले नाहीत. भाचा रविवारी जेवायला आला, की तो पानावर बसल्यावर मामा हळूच अंगणात जात आणि त्याच्या टाकीत मायेनं ऑइल ओतत. तीन महिने तीन मेकॅनिकांनी त्या गाडीपुढे डोकं आपटलं. शेवटी मामींनी बिंग फोडलं.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नये. अमेरिकेत १९७४ साली शिसं नसलेलं पेट्रोल आलं. धूर शुद्ध करायचं जे यंत्र नव्या गाड्यांना बसवत, ते शिशानं निकामी होतं. म्हणून सरकारनं हुशारी केली. नव्या पेट्रोलच्या नळीचं तोंड बारीक, नव्या गाडीच्या टाकीचं भोकही बारीक. जुनी जाड नळी आत शिरणारच नाही! पण जुनं पेट्रोल थोडं स्वस्त होतं. तेव्हा तिथल्या काही सुज्ञ नागरिकांनी घरून नरसाळं आणायला सुरुवात केली. मनुष्यस्वभाव सगळीकडे एकच, नरसाळीही तीच.

याच्या बरोबर उलट नळी निघाली ती बॉब हूव्हर या वैमानिकामुळे. विमान आडवं-उलटं गिरकी घेत असताना हा गृहस्थ एका हातानं किटलीतला चहा पेल्यात ओतून दाखवी, आणि थेंब सांडत नसे. १९७८ साली सॅन डिएगोत त्याच्या पिस्टनच्या इंजिनांच्या विमानात एका पोरानं जेटचं इंधन भरलं. जेटचं इंधन म्हणजे आपलं रॉकेलच, जरा उच्चशिक्षित. तसंच दिसणारं एक टर्बाइनचं विमान असे, त्यात त्या पोराची गफलत झाली. विमान सुमारे ३०० फूट वर गेलं आणि दोन्ही इंजिनं गप्प झाली. आत आणखी दोन माणसं. हूव्हरनं ते दरीत कसंबसं उतरवलं. विमान मोडलं, माणसं वाचली.

तो परत आला तेव्हा पोरगा रडत उभा होता. आपल्याकडे अशा वेळी काय काय ऐकायला मिळालं असतं, याची वाचकांना कल्पना आहे. हूव्हरनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सांगितलं, की उद्या माझ्या दुसऱ्या विमानात इंधन तूच भरायचंस. तू ही चूक पुन्हा करणार नाहीस याची मला खात्री आहे.

मग तो नळीच्या मागे लागला. त्यातून जेट इंधनाच्या नळीला बदकाच्या चोचीसारखं चपटं, रुंद तोंड आलं आणि पेट्रोलच्या टाक्यांची तोंडं अरुंद झाली. ते तोंड या टाकीत काही केल्या शिरत नाही. अर्थात हे सगळं आमच्या शेजारच्या अकाउंटंटसाहेबांनी आपलं पितळी नरसाळं आणेपर्यंतच.