शिडी आणि कुलूप

१८ एप्रिल २०२१, रविवार. युरोपातल्या बारा धनाढ्य फुटबॉल क्लबांनी रात्री उशिरा एक पत्रक काढले. इंग्लंडचे सहा, स्पेनचे तीन आणि इटलीचे तीन क्लब मिळून ‘सुपर लीग’ नावाची स्वतःची स्पर्धा सुरू करणार होते. एकूण वीस संघ, त्यांतले पंधरा कायमचे. ते जिंकोत की हरोत, त्यांची जागा पक्की. उरलेल्या पाच जागांसाठी बाकीच्या युरोपने धडपडायचे.

रायपुरात तेव्हा टाळेबंदी होती. रस्ते ओस, दवाखाने भरलेले. अशा दिवसांत दूरच्या एका खेळाच्या बातमीने कोणाचे रक्त तापेल असे वाटले नव्हते. पण आमच्या वसाहतीतली लिव्हरपूल आणि आर्सेनलची चाहती मुले, ज्यांनी ती मैदाने केवळ पडद्यावर पाहिली होती, घरातली शिंदळकी बाहेर आल्यासारखी संतापली. मंगळवारी लंडनमध्ये चेल्सीच्या पाठीराख्यांनी स्टॅमफर्ड ब्रिजबाहेरचा रस्ता अडवला. संघाची बस आत जाईना, तेव्हा त्यांचाच जुना गोलरक्षक पेत्र चेक गर्दीत उतरून विनवण्या करू लागला. त्याच रात्री सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. दोन दिवसांत डोलारा कोसळला.

या रागाचे कारण साधारणपणे ‘पैशाची हाव’ असे सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. पैशासाठी फुटून निघणे इंग्लंडला नवे नव्हते. खुद्द प्रीमियर लीग १९९२ साली अशीच जन्मली. वरच्या श्रेणीतले बावीस क्लब दूरचित्रवाणीच्या पैशाचा मोठा वाटा मिळावा म्हणून जुन्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडले. तेव्हाही कुरकुर झाली, पण लोकांनी ती लीग स्वीकारली. कारण त्या क्लबांनी शिडी मोडली नव्हती. तळाचे संघ दरवर्षी खाली जात राहिले, खालचे वर येत राहिले. २००८-०९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत खेळणारा लेस्टर २०१६ साली देशाचा विजेता झाला तो याच शिडीवरून. २०२१च्या योजनेत नवे होते ते कुलूप, आणि लोक चिडले ते त्या कुलपावर.

हा फरक लक्षात आल्यावर मला आपल्याकडे पाहणे भाग पडले. कारण भारतात असे कुलूप २०१४ सालीच लागले होते, आणि देशभर कोणी बस अडवली नव्हती.

डिसेंबर २०१०मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, सातशे कोटी रुपयांचा करार केला. त्यातून १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ शहरे, आठ नवे संघ, चित्रपट आणि क्रिकेटमधले तारे मालक म्हणून. बढती नाही, घसरण नाही. युरोपात क्लब महासंघाला सोडून निघाले होते. आपल्याकडे महासंघानेच नव्या लीगचा हात धरला आणि जुने क्लब दाराबाहेर राहिले. बंड करायचे तर कोणाविरुद्ध, हाच पहिला पेच होता.

तोवर देशाची अव्वल स्पर्धा होती आय-लीग. तिचा इतिहास पाहिला तर सर्वाधिक काय गमावले गेले ते कळते. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंतची पहिली सहाही विजेतेपदे गोव्याला गेली. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. एवढ्याशा राज्याने सलग सहा वर्षे अख्ख्या देशाला मागे टाकावे, असे दुसऱ्या कोणत्या खेळात घडले आहे? या संघांमागे खाणमालकांचा पैसा होता हे खरेच. पण त्याखाली गावोगावच्या मैदानांची, चर्चच्या आवारातल्या सामन्यांची आणि पावसाळ्यानंतरच्या गावस्पर्धांची जाड साय होती. वास्कोतला माणूस साळगावकरचा आणि पणजीतला धेंपोचा, हे ठरवायला कोणाला जाहिरात करावी लागली नाही.

मे २०१६मध्ये महासंघाने नवा आराखडा मांडला. सुपर लीग देशाची सर्वोच्च स्पर्धा होणार, आय-लीग तिच्या खाली जाणार, आणि आय-लीग जिंकूनही वर जाता येणार नाही. जून महिन्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली. पुढे धेंपोही बाहेर पडला. धेंपोची गोष्ट तर बोचरी आहे. हा संघ २०१४-१५ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला होता. नियम पाळून दुसऱ्या श्रेणीत खेळला, ती जिंकला, वर येण्याचा हक्क मिळवला, आणि वर पाहिले तर शिडीची वरची पायरीच छताला टेकलेली. देशाचा पाच वेळचा विजेता (जुनी राष्ट्रीय लीग धरून) गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये परतला.

इथे एक गुंता आहे, आणि तो लपवून गोष्ट सोपी करण्यात अर्थ नाही. सुपर लीगमधल्या एफसी गोवा या नव्या संघाच्या सुरुवातीच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर ही दोन्ही घराणी होती. म्हणजे मालकांना नव्या घरातही खोली मिळाली. एफसी गोवाच्या सामन्यांना फातोर्ड्याचे मैदान भरलेही, आणि तो आनंद खोटा नव्हता. पण साळगावकरसाठी ओरडून घसा बसवून घेतलेल्या वास्कोच्या माणसाला कोणी विचारले नाही. मालकाला गुंतवणूक एका संघातून काढून दुसऱ्यात घालता येते. पाठीराख्याजवळ गुंतवायला आयुष्यातली वर्षे असतात. ती कशी हलवायची?

याच वर्षी एक चमत्कारही झाला. मिझोरमचा ऐझॉल एफसी २०१५-१६ मध्ये घसरला होता. गोव्याचे क्लब गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर त्याला परत बोलावले गेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून हाच संघ भारताचा विजेता झाला. पण बक्षीस म्हणून त्याला कळले की आता देशाची पहिली श्रेणी दुसरीच कुठली तरी असणार आहे. क्लबाने आमरण उपोषणाचा इशारा दिला. भारतीय फुटबॉलमधला स्टॅमफर्ड ब्रिजशी नाते सांगणारा क्षण मला हाच वाटतो. लंडनचे लोक राजधानीत, कॅमेऱ्यांसमोर उभे होते. ऐझॉलचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचता पोहोचता विरला. त्याच जूनमध्ये आशियाई महासंघाने दोन्ही लीग एकाच वेळी चालवायला मान्यता दिली.

महाराष्ट्राची कथा याहून गुपचूप घडली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ साली राष्ट्रीय लीगचा विजेता होता, आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. तेव्हा सुपर लीग जन्मलीही नव्हती. त्यामुळे सगळे खापर तिच्या डोक्यावर फोडणे न्यायाचे नाही. पुण्यात २०१५ मध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी दोन्ही आय-लीगमधून गेले. नंतर आलेला डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम टिकला. सुपर लीगचा एफसी पुणे सिटी २०१९ साली संपला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. पाच वर्षांत एका शहराने चार संघ पुरले आणि एकाचेही सुतक धरले नाही. ही पुण्याची उदासीनता म्हणता येईल. मला वाटते, जो संघ कंपनीच्या ठरावाने जन्मतो तो ठरावानेच मरतो, आणि ठरावावर रडायला माणसे जमत नाहीत.

याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. तिथे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम हे फुटबॉलचे संघ आहेत. नावांवरूनच कळते की कुस्तीच्या तालमीतून, पेठेच्या मंडळातून ते उगवले. शाहू स्टेडियमवर हे संघ भिडतात तेव्हा स्टँडमध्ये पेठ बसलेली असते. भांडणे होतात, कधी दगडही पडतात, त्याचे कौतुक करण्याचे कारण नाही. पण पाटाकडील तालमीचा संघ उद्या कोणी विकत घेऊन दुसऱ्या शहरात नेईल ही कल्पनाच कोल्हापुरात हास्यास्पद ठरेल. जर्मनीत हीच गोष्ट नियमाने बांधलेली आहे. तिथे बहुतेक क्लबांत मतांचे बहुमत सभासदांकडे राहावे लागते. २०२१ मध्ये बायर्न म्युनिक आणि डॉर्टमुंड सुपर लीगपासून दूर राहिले याचा या नियमाशी संबंध आहेच. कोल्हापूरकरांनी तो नियम कधी लिहिला नाही, कारण लिहिण्याची गरज पडली नाही.

बंगालमध्ये मात्र राग प्रकट झाला आणि जिंकलाही. १९११ साली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकणारा मोहन बागान २०२० मध्ये सुपर लीगच्या एटीके संघाशी जोडला गेला. जोडलेल्या नावात ‘एटीके’ आधी आले. पाठीराख्यांनी ते पुढची तीन वर्षे सहन केले नाही. फलक, मोर्चे, बहिष्कार, सगळे झाले. संघ जिंकत असतानाही त्यांचे म्हणणे एकच, आधी नाव काढा. १८ मार्च २०२३ रोजी फातोर्ड्याला अंतिम सामना जिंकल्यावर मालकांनी ‘एटीके’ हटवल्याची घोषणा केली. मालकी बदलली नाही, कुलूपही पूर्ण निघाले नाही. पण पैसे मोजलेला माणूस सर्वस्वी मालक नसतो, हे त्या तीन अक्षरांनी मान्य केले.

मी हे रायपुरातून लिहितो आहे, आणि या गावाचा या कथेत काय संबंध असे कोणी विचारील. रायपूरला अव्वल श्रेणीचा फुटबॉल क्लब नाही. आमचा धडा क्रिकेटने दिला. २८ एप्रिल २०१३ रोजी नव्या रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह मैदानावर आयपीएलचा पहिला सामना झाला. यजमान दिल्ली, पाहुणा पुणे. इथल्या मराठी घरांची मोठी पंचाईत. नात्यागोत्याने पुणे आपले, पण यजमान म्हणून गावाने दिल्लीला आपले मानलेले. दिल्ली पंधरा धावांनी जिंकली. पुण्याचा तो संघ वर्ष संपण्याआधी आयपीएलमधून गेला, आणि दिल्लीचे सामने पुढे आमच्याकडे येईनासे झाले. दोन्ही संघ उसने होते. सोहळा खरा होता, प्रकाशझोत खरे होते, पण दुसऱ्या दिवशी गावाकडे उरले ते रिकामे मैदान.

त्या मानाने २०१६ची गोष्ट कोणाला फारशी आठवत नाही. त्या वर्षी छत्तीसगडला क्रिकेट मंडळाचे पूर्ण सदस्यत्व मिळाले आणि राज्याचा संघ प्रथमच रणजी करंडकात उतरला, मोहम्मद कैफच्या नेतृत्वाखाली. त्याआधी इथल्या मुलाला रणजी खेळायचे तर मध्य प्रदेशाच्या संघात शिरावे लागे. भिलाईचा राजेश चौहान याच वाटेने कसोटीपर्यंत पोहोचला. रणजीच्या सामन्याला गर्दी नसते, फटाके नसतात. पण ती आमची पायरी आहे, आणि तिच्यावर पाय ठेवला की पुढची दिसते. फुटबॉलमध्ये २०२४ साली वीस वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा नारायणपूरला, रामकृष्ण मिशनच्या आश्रमात झाली. बस्तरच्या त्या टोकाला, अबुझमाडच्या वेशीवर, देशभरचे संघ आले. तिथल्या मैदानावर चेंडूमागे धावणाऱ्या पोराला सुपर लीगचे मालक कोण याच्याशी देणेघेणे नाही. त्याचा प्रश्न एवढाच, की मी जिंकत गेलो तर वाट कुठवर जाते.

आता कुलूप थोडे सैल झाले आहे. २०२३ मध्ये पंजाब आणि २०२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग आय-लीग जिंकून वर गेले. वरून खाली मात्र २०२४-२५ अखेर कोणी आले नव्हते. जुलै २०२५मध्ये, तो पंधरा वर्षांचा करार संपायला आल्यावर, आयोजकांनी पुढचा हंगामच थांबवून ठेवला. ज्या लीगमधली जागा कायमची म्हणून विकली गेली, ती लीगच एका कराराच्या तारखेवर टांगलेली निघाली. त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा संमत झाला. फुटीर लीगमध्ये जाण्यापासून क्लबांना रोखण्याचा अधिकार त्यात आहे. लंडनच्या रस्त्यावरचा चार वर्षांपूर्वीचा राग असा कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला.

आपल्याकडे राग कमी होता असे मला वाटत नाही. तो वास्को, ऐझॉल, कोलकाता असा तुकड्यातुकड्यांत होता, आणि एका तुकड्याला दुसऱ्याची भाषा कळत नव्हती. श्रीमंत शहरांना शिडीची फार गरज नसते. ती आधीच वर असतात. शिडी लागते ती ऐझॉलला, नारायणपूरला, रायपूरला. म्हणून ती काढली जाते तेव्हा सर्वांत मोठ्याने ओरडण्याचा हक्क आणि कामही अशा गावांचेच आहे, त्यांचा एकही संघ वरच्या पायरीवर नसला तरी.